कालची भाकरी आणि आजची

आमच्या घरात त्या दिवसांत जात्याचा आवाज होता, गाणं नव्हतं. आधी होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, दळायला बसली की एक ओवी मराठीत आणि एक पद कानडीत असं तिचं चालायचं. मी गोधडीत पडून तिचा आवाज आणि पीठ पडण्याचा आवाज वेगळा करत राहायची. नंतर वेगळं करायला काही उरलं नाही. दगडावर दगडाची घरघर, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. त्यावरून मला कळायचं की उजाडलं. घरात आम्ही तिघं होतो. अव्वा, मी आणि अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ, त्यांना मी दोडप्पा म्हणायची. दोडप्पा शेत बघायचे, संध्याकाळी ओसरीवर बसून सुतळी वळायचे आणि बैलांशी बोलायचे. आमच्याशी बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जात असावं. जेवायला ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची आंबट भाजी, शेंगाची चटणी. कधी तुरीचं घट्ट वरण. अव्वाच्या हाताला चव होती असं सगळे म्हणायचे. त्या दिवसांतली चव मात्र मला आठवत नाही. मीठ असायचं तेवढं आठवतं.

आमचं गाव मुडबी आणि मंठाळच्या मधे. हैद्राबादचं संस्थान गेलं त्या गडबडीच्या साली अप्पा मंठाळच्या बाजाराला गेले. जाताना त्यांनी मला काय आणू विचारलं आणि मी काही सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं की सुचायचं नाही. ते आले नाहीत. वीसेक दिवसांनी एक अनोळखी म्हातारा मुडबीकडून चालत आला. त्याने फेट्याच्या टोकाची गाठ सोडून अव्वाच्या हातावर अप्पांची करडगी ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला. करडगी म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी. जे आमच्यातले, म्हणजे लिंगायत, नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात, आणि ते गळ्यातून कधी काढायचं नसतं. एकाच्या लिंगाला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि ते लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही, ते अंगावेगळं होत नाही. कोणाचं हरवलंच तर ते सापडेपर्यंत, किंवा स्वामींनी दुसरं देईपर्यंत, त्याने अन्न घ्यायचं नाही आणि पाणीही नाही.

अव्वाने करडगी भिंतीतल्या देवळीत ठेवली. ती रडली नाही. कोणी विचारलं तर "गावाला गेलेत" म्हणायची. दोडप्पा पहिले काही महिने म्हणायचे, "येतो त्यो. गुलबर्ग्याच्या जेलात आसंल, न्हाईतर हैद्राबादला." मग तेही म्हणायचे बंद झाले. अव्वाने हातातल्या बांगड्या फोडल्या नाहीत आणि नव्या भरल्याही नाहीत. मणियारीण दारात आली की "फुडल्या बारीला ये गं" म्हणायची. तिच्या एका हातात तीन उरल्या होत्या, दुसऱ्यात दोन. एकदा आडावर दोन बायका पाणी ओढता ओढता बोलत होत्या. मी त्यांच्या मागे घागर घेऊन उभी होते. एक म्हणाली, "लिंग सुटलं म्हंजी मानूस सुटलं की. हिला कोन सांगावं?" दुसरीने मागे वळून मला पाहिलं आणि तिला कोपराने ढोसलं. मी घागर भरून घरी आणली. ते वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यापाशीच राहिलं.

माझी सून परवा मला फोनवर आलेलं काहीतरी वाचून दाखवत होती. नातीच्या शाळेत पालकांची सभा होती, तिथून आलं होतं. मुलांशी रोज बोला, त्यांच्याजवळ बसा, घर आणि शाळा जोडलेली ठेवा. ती म्हणाली, "अत्या, तुमच्या वेळेला असलं काही नव्हतं ना?" मी म्हणाले, नव्हतं. नंतर वाटलं, आपण खोटं बोललो. म्हणून नातीच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेऊन बसले आहे. चौथीपर्यंत शिकलेलं हात अजून विसरले नाहीत.

शाळा चावडीच्या मागच्या खोलीत भरायची. आधी तिथे उर्दू होतं, आता मराठी आलं होतं आणि त्याबरोबर उदगीरकडचे एक गुरुजी आले होते. बारीक अंगाचे, एका खांद्यावर उपरणं. खडू वाचवायचा म्हणून बोटाने धुळीत अक्षरं काढून दाखवायचे. वीस-बावीस पोरं होतो, त्यात मुली चार. माझ्या एका बाजूला मणियाराची बानू बसायची, दुसऱ्या बाजूला पाटलाच्या भावकीतली सरू. सरूच्या तोंडाला कुलूप नव्हतं. बानू बघायची जास्त आणि बोलायची कमी. गुरुजींची एक रीत होती. दुपारी सगळ्यांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली एका ओळीत बसायचं, आपापलं फडकं सोडायचं आणि आपापलंच खायचं. गावात याच्यावर कुजबुज झाली. दोडप्पा म्हणाले, "खात तर आपापलंच हायेत. बसू द्या की." गुरुजी स्वतः ओळीच्या टोकाला बसून चटणी-भाकरी खायचे आणि खाता खाता ओळीवरून नजर फिरवायचे. माझ्यापाशी आली की नजर पुढे जायची. मी वर्गात बोलत नव्हते. विचारलं तर उभी राहायची, बसा म्हटलं की बसायची. मी कोणाला त्रास देत नव्हते, म्हणून माझ्याकडे बघायचं काही कारण कोणाला पडत नव्हतं. घरीही तसंच होतं.

सुगीचे दिवस होते. रविवारी संध्याकाळी आम्ही मुली शाळेच्या अंगणात फुगड्या खेळलो. घरी येऊन दिव्यासाठी हातपाय धुताना गळ्याला हात गेला आणि दोरा नव्हता. मुलांचं लिंग करडगीत नसतं, कापडाच्या चिंधीत गुंडाळून दोऱ्यात बांधलेलं असतं. दोरा जुना झाला होता. अव्वा दर सणाला तो बदलायची, पण दोन वर्षांत तिने सण केला नव्हता. मी घाबरले असं लिहायला हवं. पण मी घाबरले नाही. गळ्यापाशी हात धरून मी देवळीतल्या करडगीकडे पाहिलं आणि मला आडावरचं वाक्य आठवलं. लिंग सुटलं म्हणजे माणूस सुटलं. बस्स, इतकंच. मला वाटलं, आपलंही झालं. मेल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण अप्पांचं काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त एवढं दिसत होतं की मेलेल्या माणसाबद्दल घरात कोणी बोलत नाही. माझ्याबद्दल तसंही कोणी बोलत नव्हतं. मग फरक काय पडणार होता? अव्वाने ताट वाढलं. मी भाकरी ओच्यात घेतली आणि गोठ्यात जाऊन कालवडीला दिली. ती मचामचा खात होती. तो आवाज घरात ऐकू जाईल म्हणून मी तिच्या गळ्याभोवती हात टाकून उभी राहिले. आत आले तर अव्वा चुलीकडे तोंड करून राख सारत होती.

"जेवलीस?" तिने न वळता विचारलं.

"व्हय."

सोमवारी दुपारी लिंबाखाली मी फडकं सोडलं नाही. सरू म्हणाली, "कामून बसायलीस तशीच?"

"उपास हाय. सोमवार."

"तू कवापास्नं उपास करायलीस गं? लई पुण्यवान."

संध्याकाळी परत कालवड, परत चुलीकडे तोंड करून "जेवलीस?", परत "व्हय". भूक पहिल्या दिवशी लागली होती, मग ती कुठेतरी लांब गेली, शेजारच्या घरातल्या भांडणासारखी. अजून एक गोष्ट आहे, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, स्वामींनाही नाही. सोमवारी संध्याकाळी ओढ्यावर गेले तेव्हा मी पाणी प्याले. ओंजळीने नाही, गुरासारखं वाकून तोंड लावून प्याले. म्हणजे आपण माणूस म्हणून प्यालो नाही असा काहीतरी हिशोब मी केला असेल.

मंगळवारी दुपारी परत ओळ बसली. माझ्या मांडीवर दोन फडकी होती, कालचं आणि आजचं. कालचं मी दप्तरातून घरी नेलं होतं आणि परत आणलं होतं, टाकायचं कुठे ते सुचलं नव्हतं. सरू म्हणाली, "तुझा महादेव रोजच सोमवार करायलाय का गं, निले?" पोरं हसली. मला हसणारी तोंडं दिसली, हसू ऐकू आलं नाही. मग लिंबाचं खोड वाकडं झालं आणि माझं डोकं बानूच्या खांद्यावर पडलं.

गुरुजी धावत आले. त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं, फुलपात्र तोंडाला लावलं. मी ओठ मिटले. ते म्हणाले, "अगं पी. घोटभर पी." मी मान हलवली. तेव्हा बानू बोलली, अगदी हळू.

"गुरुजी, हिच्या गळ्यात दोरा न्हाई. रोज आसतो."

सरूचं तोंड पडलं. "आगं बया. मंग ही कशी जेवंल? लिंगायताचं लिंग हरवलं तर पानी बी चालत न्हाई, गुरुजी. माझी आजी सांगती."

गुरुजी माझ्यासमोर उकिडवे बसले. "कधी हरवलं?"

"रविवारी."

"आज मंगळवार आहे. घरी सांगितलंस का? कामून नाही सांगितलंस, बाळ?"

मला कोणी बाळ म्हणून बरेच दिवस झाले होते. म्हणून मी उत्तर दिलं असेल. मी म्हणाले, "लिंग सुटलं. आता मी न्हाई."

गुरुजींनी उपरण्याने तोंड पुसलं. मग उठून पोरांना म्हणाले, "भाकऱ्या बांधा. अंगण शोधा. एक खडाही सोडू नका." पोरं पांगली. मी लिंबाला टेकून बसले होते आणि बाकीची सगळी पोरं ओणवी होऊन जमीन हाताने चाचपत होती. मला ते लांबून दिसत होतं, माझ्यासाठी चाललंय असं वाटत नव्हतं. अंगण झाडायची पाळी पोरांचीच असायची. बानूच्या ध्यानात आलं की सोमवारी सकाळी झाडलेला पाला भिंतीशी लोटलाय. ती पाल्यात शिरली आणि थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "हाय. चिंधी हाय. दोरा बी हाय."

सगळी तिकडे पळाली. बानूने दोन्ही हात मागे घेतले होते. "माझा हात चालतो का तुमच्यात?" तिने सरूला विचारलं.

"कुनाचाच चालत न्हाई," सरू म्हणाली. "तिच्या आईचा बी न्हाई. ज्याचं त्यानंच उचलायचं."

मला उठवायला गेले तर पाय उचलेनात. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. मी हिच्या आईला घेऊन येतो. तोवर इथे कोणी पाय ठेवू नका." ते गेले आणि ती पोरं पाल्याभोवती गोल करून बसली. कोणी सांगितलं नव्हतं. मराठ्यांची, मणियाराची, कोळ्याची, सगळी मांडी घालून, ओळीत बसायची तशी, फक्त आता वाटोळी. वारा आला की पाला हलायचा, मग त्यांनी आपली दप्तरं वाऱ्याच्या बाजूला उभी केली. एक कोंबडी आली. सरूने तिला जागेवरूनच इतक्या शिव्या दिल्या की कोंबडी परत फिरली. हळूच कोणीतरी हसलं. भुकेली होती सगळी, कोणाचं जेवण झालं नव्हतं.

घरी काय झालं ते मला दोडप्पांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. गुरुजी दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, तुमची मुलगी रविवारपासून जेवली नाही." अव्वा पीठ मळत होती. म्हणाली, "जेवती की. रोज इचारते मी." गुरुजी म्हणाले, "ती म्हणते, लिंग सुटलं, आता मी नाही." दोडप्पा सांगायचे की अव्वाने मळता हात तसाच थांबवला आणि देवळीकडे पाहिलं. मग उठली. दोन वर्षांत आड आणि शेत सोडून ती कुठे गेली नव्हती. पिठाचे हात, डोक्यावर पदर धड नाही, तशी ती चावडीवरून चालत आली. चावडीवर माणसं बसली होती.

पोरांनी वाट करून दिली. अव्वाने मला काखेत धरून पाल्यापाशी नेलं. "उचल," ती म्हणाली. मी उचललं. तिने चिंधी मला सोडायला लावली, लिंगाला तडा गेलाय का ते लांबून बघितलं. नव्हता गेला. घागरीतलं पाणी माझ्या डाव्या तळहातावर ओतलं, कमरेच्या पिशवीतली विभूती लावायला सांगितली. मग आपल्या लुगड्याच्या पदराची कड दातांनी फाडली, तिचा दोरा केला आणि चिंधीला हात न लावता माझ्या गळ्यात गाठ मारली. तिच्या बोटांचं ओलं पीठ माझ्या मानेला लागलं. ते गार होतं.

"आता बसा," गुरुजी पोरांना म्हणाले. ओळ बसली. अव्वा ओळीत माझ्या शेजारी बसली. तिने माझं एक फडकं सोडलं, मग दुसरं. एकात भाकरी मऊ होती, एकात वाळून कड वर आलेली. ती दोन्हींकडे बघत राहिली. भाकरी तिनेच थापलेली, गाठी तिनेच मारलेल्या. आजची तिने मोडून माझ्या तोंडात घास घातला आणि कालची स्वतः खाऊ लागली. कडक होती, मोडताना आवाज यायचा. ती खाताना कोणाकडे बघत नव्हती. सरूने न विचारता आपल्या फडक्यातला कांदा फोडून अर्धा गुरुजींच्या हातावर ठेवला आणि त्यांनी तो अव्वाच्या पुढे ठेवला.

मला आनंद झाला, रडू आलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण काही झालं नाही. भाकरी गिळताना घशात दुखत होतं एवढंच. रात्रीपर्यंत अंगावर मुंग्या आल्यासारखं होत होतं, पाय बराच वेळ दुमडून बसलं की होतं तसं.

घरी आल्यावर अव्वा देवळीपाशी उभी राहिली. "तुझे अप्पा न्हाईत," ती म्हणाली.

"मला म्हाईत हाय."

"कवापास्नं?"

"तू तिथं ठेवलीस तवापास्नं."

ती खाली बसली. दोडप्पा ओसरीवर होते, त्यांची सुतळी थांबली. चार दिवसांनी स्वामी आले. माणूस नव्हता, म्हणून आमच्या शेतात बोरीच्या झाडाच्या बाजूला लहानसा खड्डा काढून अप्पांची करडगी मातीत ठेवली. अव्वाने बांगड्या काढून ठेवल्या. पुढच्या वेळी मणियारीण आली, बानूची आई, तेव्हा तिला "फुडल्या बारीला" म्हणाली नाही. माझा हात पुढे केला आणि म्हणाली, "लेकीला भर. हिरव्या भर."

शाळेत त्यानंतर एक नवीन रीत पडली. रोज एका घरची बाई दुपारी येऊन लिंबाखाली बसायची. काही करायचं नाही, पोरं जेवतात का ते बघायचं. कधी पाटलीण, कधी बानूची आई, कधी अव्वा. बायका आधी लाजायच्या, मग गप्पा सुरू झाल्या, मग आपल्या पोरापेक्षा दुसऱ्याच्या पोराची चिंता जास्त. "तुझा गणू शेंगा फेकायलाय गं," असं आडावर कळायचं. मी चौथी होईपर्यंत ते चाललं. नंतर गुरुजींची बदली झाली. अव्वाचं गाणं परत आलं नाही. मीही बोलकी झाले नाही, आजही नाही. सगळं परत येतं असं नाही.

पण त्या मंगळवारपासून तिने मला "जेवलीस?" हे कधी पाठ फिरवून विचारलं नाही. हनुवटीला हात लावून, तोंड आपल्याकडे वळवून विचारायची. माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी माहेरी गेले की तसंच. शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं. मग ती बोटांनी बघायची. हनुवटीवरून बोटं खाली गळ्यावर यायची, दोऱ्यावर थांबायची, आणि मग विचारायची. मी खरं तेच सांगायची. न जेवता व्हय म्हणायचं मी सोडून दिलं होतं.

ती गेली त्या दिवशी तिला बसवून, डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवून माती दिली. घरी आले तेव्हा दुपार कलली होती. मी अंघोळ केली. गळ्याला हात लावून बघितला. दोरा होता. मग कोणी विचारलं नाही तरी भाकरी घेतली आणि जेवायला बसले.